हुशार काजवे आणि सोनकीबाईंचे उखाणे

एका जंगलात, जिथे तुम्ही आईचा हात सोडून कधीच जायचं नाही, केसोबा नावाचं एक अस्वल राहत होतं.

त्याच्या गुहेत वाळक्या भोपळ्याचा दिवा होता. आत काजवे, वर पळसाचं पान. पान उचललं की उजेड, ठेवलं की अंधार. हे इतकं सोपं होतं, मुलांनो, की त्यात मिरवण्यासारखं काहीच नव्हतं.

एके दिवशी घुबडशेठ आले. घुबडाला स्वतःला उजेड लागत नाही. म्हणून ते निवांतपणे उजेड विकायचे.

"अजून उठून पान उचलता?" त्यांनी कपाळावर पंख मारला. "माझे हुशार काजवे घ्या! टाळी वाजवा, हात हलवा, नाहीतर बसल्या जागेवरून हुकूम सोडा."

केसोबाने लगेच घेतले. टाळीची सोय त्याच संध्याकाळी बंद करावी लागली, कारण गुहेत डास फार. हात हलवायची सोयही गेली, कारण अस्वलाला खाजवल्याशिवाय बसवत नाही. उरला हुकूम. मालकाने किंवा मालकिणीने मालकाचं नाव घेऊन "उजेड" म्हटलं की काजवे पेटत. आणि दमू नयेत म्हणून थोड्या वेळाने आपोआप विझत.

मग झिपीला, म्हणजे केसोबाच्या लेकीला, पाहायला पाहुणे यायचे ठरले. मुलाचे वडील दगडूपंत भलते कडक. त्यांनी म्हणे मध सोडला होता, आणि खादाड घरची मुलगी त्यांना नको होती. केसोबानेही ठोकून दिलं, "आम्हीसुद्धा सोडलाय!" मधाचा माठ कोपऱ्यात पानांखाली लपवला.

पण त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला केसोबाने काजवे दाखवले. दिवसभर स्वतःच्याच नावाने ओरडून त्याचा घसा पार बसला.

पाहुणे टेकले आणि काजवे विझले. केसोबाने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"सोनकीबाई, तुम्ही सांगा ना काजव्यांना," दगडूपंतांच्या बायकोने सुचवलं.

झालं! सोनकीने, म्हणजे केसोबाच्या बायकोने, नवऱ्याचं नाव लग्नानंतर उखाण्याशिवाय कधी घेतलंच नव्हतं. ती लाजली, खाकरली आणि म्हणाली:

"ओढ्याकाठी जांभूळ, जांभळीवर मैना,
केसोबांचं नाव घेते, उजेडाशिवाय चैन पडेना!"

लख्ख उजेड पडला. पाहुण्यांनी वाहवा केली. पुन्हा अंधार झाला.

"वारुळाच्या वाटेवर बोरं सांडली चार,
केसोबांचं नाव घेते, उजेड पाडा फार!"

या वेळी सोनकीला दिसलं, की केसोबा सरकत सरकत माठाला टेकलाय. आता लेकीची सोयरीक मोडणार! तेवढ्यात काजवे विझले, आणि तिला फार बरं वाटलं.

अंधारात आवाज यायला लागला. चप, चप.

"पावसाचं पाणी ठिबकतंय," सोनकी घाईने म्हणाली.

"ऐन उन्हाळ्यात?" विहीणबाई म्हणाल्या. "लावा हो उजेड!"

"आता मला उखाणाच सुचत नाहीये."

चप, चप. चप, चप. आता आवाज दुप्पट झाला होता. विहीणबाईंनी कान टवकारले. "अगंबाई! यातला एक आवाज मी वीस वर्षं ऐकतेय. लावा आधी उजेड!"

सोनकीचा नाइलाज झाला. "केसोबांचं नाव घेते, उजेड पाडा... आणि यमक गेलं खड्ड्यात!"

उजेड पडला. माठात दोन तोंडं होती. एक केसोबाचं, दुसरं दगडूपंतांचं.

दगडूपंतांच्या मिशीवरून मध ओघळत होता. शेवटी त्यांनी ओठ चाटले.

"घराणं आपल्यातलंच दिसतंय," ते म्हणाले. "मुलगी पसंत आहे."

झिपी खुदकन हसली. सोनकीने मात्र सगळ्यात आधी जुना भोपळा शोधला, आणि पान उचललं.

तात्पर्य: मुलांनो, साध्या पानावर भागत असलं तरी महागडे हुशार दिवेच घ्यावेत. साधा दिवा नीट चालतो, आणि सतत उजेड असला की दोन्हीकडची मंडळी शेवटपर्यंत सभ्यच राहतात. अशाने लग्नं जमत नाहीत.