मंजनाच्या डबीवरची बाई

ड्रॉइंग मास्तर कमलाकर यांना घोडा काढता येई, होडी काढता येई, पण कामाचे पैसे मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. एकोणीसशे चौतीस सालच्या दिवाळीआधी शिवयोगी अण्णांनी त्यांना सोलापुरातल्या आपल्या दुकानात बोलावलं.

"मास्तर, आमच्या दंतमंजनाच्या डबीवर हसरी बाई पायजे. काय घेनार?"

मास्तर विचारात पडले. पाट्या रंगवणारे अक्षरावर पैसे घेतात, फोटोवाले कॉपीवर. बाईचे कशावर घ्यायचे? उंचीवर? (हा प्रश्न त्यांनी मनातल्या मनातच विचारला, हे बरं झालं.) शेवटी डोळे मिटून ते पंधरा रुपये म्हणाले. अण्णा लगेच "व्हय" म्हणाले, तेव्हा आपण वीस म्हणायला हवं होतं हे मास्तरांना कळलं.

अण्णांनी एक कागद पुढे केला. चित्राचे सर्व हक्क कायमचे दिले, असं काहीसं त्यावर लिहिलं होतं. मास्तरांचं सगळं लक्ष सहीच्या शेवटच्या वळणाकडे होतं. (सही मात्र फार देखणी आली.)

आता हसरी बाई आणायची कुठून? मास्तरांनी आयुष्यात एकच बाई नीट निरखून पाहिली होती. त्यांच्या पत्नी लीलाबाई कढीची चव घेत आणि ती जमली की स्वतःशीच हसत. ते हसू मास्तरांनी चोरून टिपलं. डब्या बाजारात आल्या तेव्हा लीलाबाई आधी लाजल्या, मग रागावल्या, आणि मग त्यातली एक डबी त्यांनी दर्शनी देवळीत ठेवली.

संक्रांतीनंतर एके दिवशी त्या नळावरून आल्या त्या घागर आपटूनच.

"नळावर आज मला काय विचारलं ठाऊक आहे? 'लीलाताई, पोट साफ झालं का?'"

"काय?"

लीलाबाईंनी एक पुडी पुढ्यात टाकली. जुलाबाच्या गोळ्या. वर लीलाबाई, डबीवर होत्या तशाच, प्रसन्न हसत होत्या.

"अण्णांच्या ढेकणाच्या पावडरीवरही मीच आहे म्हणे! हे निघेपर्यंत मी कुणाकडे हळदीकुंकवाला जाणार नाही. नळावरही नाही. पाणी तुम्ही भरायचं."

मास्तर चपला न घालताच अण्णांकडे धावले. अण्णांनी शांतपणे त्यांच्याच देखण्या सहीवर बोट ठेवलं.

"मास्तर, तुमी म्हस विकली. आता ती कुनाच्या गोठ्यात बांधायची, हे बी तुमीच सांगनार व्हय?"

हा मुद्दा मास्तरांना बिनतोड वाटला. इतका, की घरी येऊन त्यांनी तो लीलाबाईंना शब्दशः ऐकवला.

"म्हैस," लीलाबाई म्हणाल्या.

"अगं, उदाहरणादाखल."

लीलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मास्तर एकटेच विचार करत बसले. आपण नेमकं विकलं काय? रंग आपले होते, कागद आपला, रेघही आपली. पण ते हसू? ते कुणी पाहावं म्हणून नव्हतंच. ते त्या कढीसाठी होतं. जिचं होतं तिला न विचारता आपण ते पंधरा रुपयांत देऊन टाकलं. मास्तरांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी तुला विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला."

दुकानात जाऊन त्यांनी सरळ विचारलं, "अण्णा, कागदावर सही कुणाची?"

"मास्तरांची की."

"आणि डबीवर तोंड कुणाचं?"

अण्णांनी डबीकडे पाहिलं, मग लीलाबाईंकडे पाहिलं. "तुमचंच दिसतंय."

"यांनी रंग विकले. तोंड यांचं नव्हतंच, मग ते यांनी विकलं कसं?"

अण्णा पुन्हा म्हशीवर येणार, एवढ्यात त्यांच्या पत्नी पार्वतम्मा आतून बाहेर आल्या. "बरोबर हाय की त्यांचं! उद्या माजं तोंड कुनी ढेकनाच्या पुडीवर छापलं, तर तुमी गप बसनार व्हय?"

अण्णांनी यावर नीट विचार केला आणि ते गप्प बसले.

लीलाबाईंनी अटी सांगितल्या आणि नवा कागद झाला. त्यांनी तो दोनदा वाचला. हसरी बाई फक्त मंजनावर, वर्षाला दहा रुपये, आणि आणखी कशावर छापायची तर आधी बाईंना विचारायचं. पंधरा वर्षं चित्रं काढणारे मास्तर तोंड उघडं टाकून ऐकत होते. हे असं मागता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पन मग गोळ्यांवर काय छापू?" अण्णा कळवळून म्हणाले. "पोटात कळ आल्यागत कुनीतरी पायजे. तोंड पार उतरलेलं." बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यातल्या मास्तरांवर थांबली. पार्वतम्मांचीही तिथेच थांबली. "अगदी असंच," अण्णा हळूच म्हणाले.

मास्तर मनातून सुखावले. म्हणजे आपल्याही तोंडाला बाजारात भाव होता तर! आता ते काही पूर्वीचे भोळे मास्तर राहिले नव्हते. वर्षाला दहा म्हणावं की एकदम बारा? त्यांनी घसा खाकरला. "हे बघा अण्णा, माझ्या अटी..."

"पाच रुपये," लीलाबाई म्हणाल्या.

"वर्साला?" अण्णांनी विचारलं.

"छे हो, एकदाच. हे तोंड तुम्ही कायमचं घ्या, सगळ्या हक्कांसकट. आम्हाला ठेवून घेऊन करायचंय काय?"