लेहचं माप, कराडची थंडी

क्रांतीची पिकअप ताकारीच्या पुढं भर दुपारी बंद पडली, तेव्हा हौद्यात उसाची आठ हजार रोपं होती आणि शेजारच्या सीटवर तिचे सासरे, माजी हवालदार लालासाहेब. रोपांनी उन्हात माना टाकल्या. लालासाहेबांची मात्र ताठ. सव्वीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवलेला माणूस तो, रस्त्यात गाडी थांबली म्हणून खचणारा नव्हे. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि निकाल देऊन टाकला.

"हाय प्रेशर पंप गेला. ह्या नव्या गाड्यांच्या पंपाचा काय भरवसा न्हाई बघ."

पंप गेला होता, हे शंभर टक्के खरं. भरवशाचं म्हणाल तर तो विषय जरा वेगळा होता.

क्रांती शेतकीची पदवी घेतलेली पोरगी. नवरा वीरधवल फौजेत, राजस्थानात. तिनं घरामागच्या वीस गुंठ्यांत ऊसरोपांची नर्सरी उभी केली होती आणि पिकअप तिच्याच नावावर होती. थंडीच्या दिवसांत उसाच्या 'सुरू' लागणीच्या ऑर्डरी असत, म्हणून गाडी पहाटे साडेपाचला हलायला लागे. एकदा ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, "आमच्या मामांमुळं गाडी एका सेल्फला लागते." मामा म्हणजे सासरे. त्यांनी ते पडवीतून ऐकलं, आणि तिथंच घात झाला.

कारण निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती आणि 'तुमच्यामुळं' हा शब्द घरात फक्त एकाच चालीवर ऐकू येई. तुमच्यामुळं दूध उतू गेलं, तुमच्यामुळं मांजर आत आलं. तुमच्यामुळं काही सुरू झालं, असं कुणी म्हणालं नव्हतं. लालासाहेबांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवसापासून टाकीच्या झाकणाची चावी त्यांनी आपल्या करदोड्याला बांधली.

आता एका सेल्फचं गुपित. लेहला असताना पारा उणे पंचवीसवर जाई आणि टाकीतलं डिझेल सायीसारखं धरे. तेव्हा त्यात रॉकेल मिसळत. दहा लिटरला दोन लिटर, हे माप त्यांना शिकवलं होतं त्यांच्याच तुकडीतल्या नानासोनं. कराडच्या बाजूला थंडीत पारा बारावर येतो. पण लालासाहेबांच्या हिशेबी थंडी ती थंडी, उणे-अधिक बघत बसणं हे कारकुनाचं काम. माळ्यावर रेशनच्या काळात साठवलेले रॉकेलचे दोन डबे होते. कुणी उठायच्या आत नरसाळं लावायचं, दोन लिटर ओतायचं, वर फडकं मारायचं. त्यांची बायको मनुबाई बंब पेटवायला तेच रॉकेल वापरी. डबा हलका का होतोय, हे तिला कळेना, म्हणून ती उंदरांना शिव्या घाले.

तसं पाहिलं तर गाडी रॉकेलाशिवायही एका सेल्फला लागलीच असती. जुन्या ट्रकचा पंप वेगळ्या तेलात बुडालेला असायचा, त्याला काहीही पाजलं तरी तो पचवायचा. ह्या नव्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पडलं कोरडं. ते पोटात गेलं की पंप आपलाच कीस काढतो आणि तो कीस पुढं नोझलमध्ये जातो. हे लालासाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना सवय नव्हती.

गाडी टोचन करून कराडच्या शोरूमला नेली. गाडी गॅरंटीत होती, पहिला पंप बिनबोभाट बदलून मिळाला. आठ हजार रोपं मात्र क्रांतीनं स्वतः उकिरड्यावर टाकली आणि पलूसच्या शेतकऱ्याची पाच वेळा माफी मागितली. लालासाहेब हे बघत उभे होते. नवा पंप नाजूक दिसतो, ह्याला जास्त जपायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि माप वाढवलं. दहाला तीन.

दुसरा पंप सात आठवडे टिकला.

ह्या वेळी शोरूमच्या मॅनेजरनं हात वर केले. पंपात दोष नाही, डिझेल खराब आहे, गॅरंटी लागू नाही, असं तो म्हणाला. लालासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेहच्या पुढच्या खारदुंग खिंडीच्या चढावर गाडी चढवलेल्या माणसाला हा टायवाला डिझेल शिकवणार? त्यांनी पेटीतून कोट काढला, कोटावर पदकं लावली आणि गावोगाव फिरून पिकअपवाले गोळा केले. चौदा जण जमले. त्यातल्या दोघांचेच पंप गेले होते. बाकीच्यांच्यात एकाचा हॉर्न वाजत नव्हता, एकाची सीट टोचत होती आणि एकाकडं तर अजून गाडीच नव्हती, तो घ्यावी की नाही ह्या विचारात होता. पण सगळे शोरूमच्या दारात मांडी घालून बसले. 'पंप बदला, नाहीतर गाडी बदला' असा फलक लागला. क्रांती तिथं रोज चहा घेऊन येई. म्हातारा आपल्यासाठी उन्हात बसलाय, ह्याचं तिला कौतुकही वाटे आणि अवघडल्यासारखंही होई.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं पुण्याहून इंजिनिअर पाठवला. सुटाबुटातल्या साहेबाची वाट बघत असताना गाडीतून उतरली एक पोरगी. नाव समीक्षा, गाव म्हसवड, बाप मेंढरं राखणारा, घरी हीच पिकअप. लालासाहेबांनी तिला पंपाच्या भरवशावर दहा मिनिटं भाषण दिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं, टाकीतलं तेल काचेच्या नळीत काढलं, नाकाजवळ नेलं, मग पेटीतल्या उपकरणावर तपासलं.

"आजोबा, पंप चांगला हाय," ती म्हणाली. "ह्याच्यात रॉकेल हाय. दहाला तीन पडलंय बघा."

लालासाहेबांना पदकं एकदम जड झाली. दहाला तीन. पोरीनं मापसुद्धा सांगितलं. तेवढ्यात ती पंपाचं पोट उघडून आतला चमचमणारा चुरा सगळ्यांना दाखवू लागली, आणि रॉकेलानं हे असं होतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आता बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. पण चौदा माणसं एकदा पेटली की धीर कुणाला असतो? रॉकेल म्हणजे भेसळ, भेसळ म्हणजे पेट्रोल पंप, आणि क्रांती डिझेल भरी तो पेट्रोल पंप तर हायवेच्या पलीकडंच. कुणीतरी लालासाहेबांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, 'भेसळ उघडी पाडणारे' म्हणून त्यांच्या नावाचा जयजयकार झाला, आणि त्यांना पुढं घालून मोर्चा रस्ता ओलांडून गेला.

तिथं नोझल हातात धरून उभा होता नानासो. लेहचाच. घरी बसवत नाही म्हणून तो इथं डिझेल सोडायचं काम करी. प्रत्येक गिऱ्हाइकाला सावधानमध्ये उभं राहून "झिरो बघा, साहेब" म्हणे, आणि समोरच्यानं झिरो बघितल्याशिवाय चाप ओढत नसे. पंचक्रोशीत त्याच्या मापाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

पंपमालक जयराज धावत आले. त्यांनी त्याच सकाळच्या तपासणीचा कागद दाखवला. टाकी स्वच्छ होती. मग लोकांच्या नजरा टाकीवरून नोझल धरलेल्या हाताकडं वळल्या. "दहाला तीन रॉकेल निघालंय," कुणीतरी ओरडलं.

नानासोनं ते ऐकलं. सावकाश नोझल जागेवर अडकवलं. एकदा झेंडूच्या माळेकडं बघितलं, एकदा शेजारी उभ्या असलेल्या क्रांतीकडं.

"मालकांचा दोष न्हाई," तो म्हणाला. "जे झालं ते माझ्यामुळं झालं."

लालासाहेबांनी तोंड उघडलं होतं. हे खरंच सांगायला हवं. पण क्रांती त्यांच्याकडं बघत होती, तोंड उघडं राहिलं आणि शब्द काही बाहेर आला नाही. उणे पंचवीसमध्ये न गोठलेला माणूस कराडच्या उन्हात गोठला. नानासोनं टोपी यंत्रावर ठेवली आणि सायकल काढून तो निघून गेला.

पुढचे पाच दिवस लालासाहेबांना भाकरी गोड लागली नाही. सहाव्या दिवशी ते नानासोच्या घरी गेले. तो शेंगा फोडत बसला होता. लालासाहेबांनी खाली मान घालून सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यानं शेंगांचं सूपच पुढं सरकवलं.

"गप बस की गड्या. सुनेच्या देखत माणसाचं तोंड पडू ने. माझ्या सुनेला मी कवाच कळलोय, माझं काय जातंय?"

पण जात होतं, ते दिसत होतं. दाढी वाढली होती. गणवेशाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावलेला होता.

लालासाहेबांनी ठरवलं, आता बास. रविवारी मारुतीच्या देवळापुढं त्यांचा सत्कार ठेवला होता, भेसळ उघडी पाडल्याबद्दल. गाव जमलं होतं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि लालासाहेब माइकसमोर उभे राहिले.

"रॉकेल मी टाकलं. माझ्या ह्या हातांनी. नानासो निर्दोष हाय."

 मागच्या रांगेतल्या एकानं डोळे पुसले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मित्रासाठी माणूस स्वतःवर घेतोय," शेजारच्यानं शेजाऱ्याला सांगितलं. "फौजेतली मैत्री हाय ही, तुमाआमाला न्हाई जमायची."

लालासाहेब कळवळून सांगू लागले. माळ्यावरचे डबे, नरसाळं, फडकं, लेह, दहाला दोनचं दहाला तीन. जितकं खरं सांगावं तितके लोक जास्त गहिवरत होते. किती बारकाईनं जुळवलंय बघा, म्हणत होते. जयराजनी तर स्टेजवर येऊन त्यांना मिठी मारली आणि तिथंच जाहीर केलं, की असा दोस्त असलेल्या माणसाला मी माफ करतो, नानासोनं उद्यापासून कामावर यावं. लालासाहेबांना दुसरी शाल मिळाली.

माफ करतो! ज्यानं काही केलंच नव्हतं, त्याला माफी. आयुष्यात पहिल्यांदा लालासाहेबांनी चारचौघांत चूक कबूल केली, आणि तिला गिऱ्हाईक मिळालं नाही.

दोन्ही शाली काखेत मारून ते घरी आले. क्रांती नर्सरीच्या दारात ट्रे धूत होती. तिनं हात पुसले आणि एक हात पुढं केला.

"मामा, चावी."

"कुठली?"

"टाकीच्या झाकणाची."

करदोड्याची गाठ सोडायला त्यांना आत जावं लागलं. बाहेर येऊन त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली. "तुला पटलं व्हय मी बोललेलं?" त्यांनी विचारलं. सगळ्या गावात कुणालातरी पटलं, ह्याचा त्या घडीला त्यांना आधारच वाटला, आणि ज्या एका माणसापासून लपवायचं होतं त्यालाच ते पटलं, ह्यानं जीव गेल्यासारखंही झालं.

"आत्ती तीन म्हैने उंदरांना शिव्या देत्यात," क्रांती म्हणाली. "रॉकेल पिणारं उंदीर मी कुठं बघितलं न्हाईत."

"आठ हजार रोपं गेली गं पोरी माझ्यामुळं."

"रोपं परत करता येतील, मामा. नानासोकाकांचं नाव कुठल्या ट्रेमध्ये लावू?"

 लालासाहेब खाली बसले आणि ट्रे धुऊ लागले.

तिसरा पंप क्रांतीनं स्वतःच्या पैशानं बसवला. त्या आठवड्यात ती डिझेल भरायला गेली तेव्हा लालासाहेब शेजारी बसले होते. पुढं तीन गाड्यांची रांग होती आणि नानासो पुन्हा नोझलवर उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. पण 'झिरो बघा' म्हणायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाईक त्याला काचेची बाटली भरून दाखवायला सांगत होतं. तो बाटली भरे, उन्हात धरे, गिऱ्हाईक वास घेई, मग चाप ओढला जाई. तीन गाड्या, तीन वास. लालासाहेबांना ते बघवेना. त्यांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

पिकअप पुढं सरकली. नानासोनं न सांगताच बाटली उचलली.

"नको, काका," क्रांती म्हणाली. "आमच्या गाडीला बाटली लागत न्हाई. तुमी सरळ भरा." आणि तिनं झाकणाची चावी त्याच्या हातात दिली.

नानासोनं झाकण उघडलं. मग टाचा जुळवून उभा राहिला. "झिरो बघा, साहेब," तो म्हणाला, आणि क्रांतीनं खिडकीतून वाकून झिरो बघितला.

टाकी भरली. झाकण लावून तो लालासाहेबांच्या बाजूला आला, खिडकीवर हात ठेवला आणि क्रांतीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलला.

"लाला, मी दहाला दोन शिकवलं हुतं रं. तीन कुणी सांगितलं?"

लालासाहेबांनी मान खाली घातली.

"चुकलं, उस्ताद."

क्रांतीनं चावी फिरवली. गाडी एका सेल्फला लागली.