पुंडलिकरावांनी झेड रिकामं केलं

समुद्रपूरच्या पुंडलिकरावांनी एका शुक्रवारी दुपारी विद्यापीठाचा एक अख्खा विभाग आपल्या घरी आणून ठेवला, आणि वर "झालं बाप्पा एकदाचं" म्हणून बायकोकडे चहा मागितला. त्यांचा हेतू चांगला होता. पुंडलिकरावांचा हेतू नेहमी चांगलाच असायचा, तीच तर खरी पंचाईत होती.

त्यांची मुलगी ज्योत्स्ना वर्ध्याला विद्यापीठात पीएचडी करत होती आणि सिंदी मेघेला खोली घेऊन राहत होती. विषय होता जिल्ह्यातले आठवडी बाजार. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून पुंडलिकरावांना घर खायला उठत होतं. लेकीचा विषय कळल्यावर ते स्कूटर काढून गावोगावचे बाजार हिंडू लागले आणि मोबाइलवर फोटो काढू लागले. मिरच्यांचे ढीग, बैलांचे गोंडे, चपला शिवणारे, भजी तळणारे, काही म्हणून सोडलं नाही. हे फोटो वर्ध्याला पोचवायचे कसे, म्हणून ज्योत्स्नाने एका रविवारी बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कंप्युटरला विद्यापीठाची सामायिक साठवण जोडून दिली. एक लांबलचक पत्ता, दोन पासवर्ड आणि तीनदा "थांबा ना बाबा" झाल्यावर पडद्यावर एक नवं चित्र उगवलं. शेजारी इंग्रजी झेड.

"हे विद्यापीठाचं कपाट समजा, बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. "मी तिथं लायब्ररीतल्या कंप्युटरवर बसली काय, ऑफिसातल्या कंप्युटरवर बसली काय, मले हेच कपाट दिसते. आता तुमाले बी इथून दिसन."

"म्हणजे म्या इथं ठेवलं की तुले तिकडं भेटते?"

"हो."

"अन् तू तिकडं ठेवलं की मले इथं?"

"एकदम बरोबर."

"अवं मंग कपाट काय म्हणते? मोटर म्हण ना सरळ!"

ज्योत्स्ना हसली. बापाला कळलं, या आनंदात तिने पुढचं समजावलंच नाही, आणि इथेच गाडी चुकीच्या फाट्याला वळली.

कारण पुंडलिकरावांच्या डोक्यात मोटर म्हणजे एसटीची गाडी, आणि गाडी म्हणजे डबा. त्यांची अर्धी नोकरी दुसऱ्यांचे डबे वाहण्यात गेली होती. समुद्रपूरच्या आया सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे डबा ठेवायच्या, वर्ध्याच्या स्टँडवर पोरं उतरवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीत डबा परत चढवायची. त्याला दोन रिवाज होते. एक, आलेला माल मुकाट्याने उतरवून घ्यायचा. दुसरा, डबा रिकामा परत पाठवायचा नाही, अगदी काही नसलं तरी मूठभर फुटाणे टाकायचे. ज्योत्स्नाने त्यांना कॉपी आणि कट दोन्ही दाखवलं होतं. कॉपी त्यांना मुळीच पटली नाही. "डबा तिकडं बी राह्यते अन् इकडं बी? असा कसा राहीन?" असं म्हणून त्यांनी कट पसंत केलं. ती गावांची नावं तपासायला एखादं पान ठेवायची, पुंडलिकराव ते कट करून घरच्या कंप्युटरात घ्यायचे आणि बदल्यात फोटो ठेवायचे. महिनाभर छान चाललं.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र छान चालली नव्हती. शनिवारी ज्योत्स्नाचं शेवटचं सादरीकरण होतं. बाहेरगावचे परीक्षक येणार होते आणि ऐकायला कुणालाही बसता येणार होतं.

"तुमी याच, बाबा," ती म्हणाली होती.

"म्या काय करू तिथं? तिथं सारे परफेसर. अन् घराले कोन पाहीन?"

घर कुठे पळून जाणार नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला, कॉलेजच्या पदवीला, प्रत्येक वेळी पुंडलिकरावांनी "ड्यूटी हाये" म्हणून सांगितलं होतं, आणि बहुतेक वेळा ती खरीही असायची. आता ड्यूटी उरली नव्हती, तेव्हा घर पुढे केलं. खरं कारण वेगळंच होतं. आपण दहावी नापास, खाकीत आयुष्य गेलेलं. त्या लोकांत आपण उभे राहिलो तर पोरीला खाली पाहावं लागेल, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती. ज्योत्स्नाने हट्ट धरला नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

तर शुक्रवारी दुपारी त्यांनी झेड उघडलं आणि चुकून मागे जायचा बाण दाबला. ज्योत्स्नाचा कप्पा गेला आणि समोर ढीग आला. 'परीक्षा', 'प्रवेश', 'समिती', 'सरिता मॅडम', आणखी किती तरी. विभागप्रमुख सरिता मॅडमनी विभागाच्या सगळ्या फायलींची देखभाल विश्वासाने ज्योत्स्नाकडे दिली होती. त्यामुळे तिच्या नावाने आत शिरलेल्या माणसाला कुठलंच दार बंद नव्हतं.

"एवढं सामान काऊन पाठवलं असन तिनं?" कौशल्याबाईंनी खांद्यावरून डोकावत विचारलं.

"उद्या तिचं काम आटपून राह्यलं ना. खोली सोडाच्या आधी पोट्टे गादी-बालटी मोटरीनं घरी नाई पाठवत का? तसंच हे."

"मॅडमचं नाव दिसून राह्यलं त्याच्यात. फोन करून इचारा ना."

"उद्याची तयारी करून राह्यली असन ते. कायले तरास देते!"

आणि त्यांनी सगळंच्या सगळं कट केलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. देवाजवळ दिवा लागेपर्यंत माल उतरत होता. शेवटी झेड स्वच्छ झालं. आता डबा रिकामा कसा पाठवायचा? पुंडलिकरावांनी कौशल्याबाईंना ओल्या हातानिशी भिंतीपाशी उभं केलं आणि मोबाइल रोखला.

"बोल पोरीले काई तरी."

कौशल्याबाई पदराला हात पुसत बोलल्या, "ज्योत्स्ना, भेऊ नको माय. हळू बोलजो, तू लय घाईनं बोलते. अन् उपाशी जाऊ नको, चक्कर येते तुले." बस्स. ते चलचित्र त्यांनी झेडमध्ये ठेवलं आणि मग तो चहा मागितला.

शनिवारी सकाळी फोन आला.

"बाबा," ज्योत्स्नाचा आवाज उगाचच शांत होता, "तुमी काल झेड उघडलं होतं का?"

"हो. सारं सुखरूप पोचलं. बाहेरच्या खोलीत ठेवलं."



"बाबा, तो माह्या घरचा माल नवता. अख्ख्या विभागाचा होता. माहं सादरीकरण बी त्याच्यातच हाये. हॉलमधल्या कंप्युटरवर पाहिलं तं काईच नाई, नुसती आई. म्हटलं हा कंप्युटर बिघडला. ऑफिसात गेली, तिथं आई. लायब्ररीत गेली, तिथं बी आई. सरिता मॅडमच्या टेबलावर बी आईच 'उपाशी जाऊ नको' म्हणून राह्यली!"

"मॅडमनं पाह्यलं?" कौशल्याबाईंनी फोनपाशी तोंड आणलं. "कोनती साडी होती व माह्या अंगावर?"

"घरातलीच."

"अवं माय व!" कौशल्याबाई मटकन खाली बसल्या.

पुंडलिकरावांना मात्र काही ऐकू येईनासं झालं होतं. दुपारी सादरीकरण, आणि पोरीची सगळी मेहनत आपल्या बाहेरच्या खोलीत. "वापस टाकतो, आत्ता टाकतो," म्हणत त्यांनी सगळं पुन्हा झेडकडे लोटलं. पण उतरवायला एक दुपार पुरली होती, चढवायला सोमवार उजाडेल असं कंप्युटर स्वतःच सांगू लागला. पुंडलिकराव ताडकन उठले. माल गाडीत चढत नसेल तर मालच उचलून न्यायचा, एवढं त्यांना ड्रायव्हरकीत पक्कं कळलं होतं. त्यांनी वायरी उपटल्या, सीपीयू टेबलाखालून ओढला आणि चादरीत गुंडाळू लागले.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. कौशल्याबाई तो घेऊन मागच्या अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"हा घाला."

"इथं आग लागली अन् तू शर्ट काहाळून राह्यली?"

"विद्यापीठ हाये ते, डेपो नाई. दाढीचंबी पाहा जरा. चला, गाठ मले बांधू द्या, तुमच्यानं ते सुटन."

एरवी घराबाहेर पडताना दहा प्रश्न विचारणारी बाई आज एकही विचारत नव्हती, हे त्या गडबडीत पुंडलिकरावांच्या लक्षात आलं नाही.

वर्ध्याच्या गाडीवर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला ड्रायव्हर प्रफुल्ल होता. आरशातून त्याने चादरीतलं गाठोडं पाहिलं.

"काकाजी, आज डबा लयच मोठा दिसून राह्यला! ठेवून द्या मागं, मी देतो वर्ध्याले."

"नाई रे बाप्पा. हा डबा मी कोनाच्याच हाती देत नाई."

जाम गावच्या चौरस्त्यावर प्रफुल्ल चहाला उतरला. पुंडलिकरावांनी आयुष्यभर त्याच टपरीवर प्रवाशांना ताटकळत ठेवून चहा प्यायला होता, आज ते खिडकीतून ओरडले, "अरे काय माणूस हाये का कोन हाये! लोकायले कामं असतेत!" पुढचा सगळा रस्ता त्यांनी गाठोडं पोटाशी धरून काढला. प्रत्येक खड्ड्याला ते त्याला मांडीवरून अलगद उचलून धरत होते. पोरगी एकटी उभी असेल, समोर परीक्षक, मागे कोरा पडदा. आपण कधी तिच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेलो नाही आणि जिथे गेलो नाही तिथेही घाण करून ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, "तबेत बरी नाई का भाऊ?" तेव्हा त्यांनी चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.

ऑटो करून, फाटकावर विचारत, जिने चढत, घामाघूम पुंडलिकराव हॉलच्या दाराशी पोचले आणि जागच्या जागी थबकले. पडदा कोरा नव्हता. पडद्यावर त्यांनी स्वतः काढलेला मिरच्यांचा ढीग लालभडक पसरला होता आणि ज्योत्स्ना त्याविषयी बोलत होती. हळू, न अडखळता. परीक्षक मान डोलावत होते.

पुंडलिकराव मागच्या मागे फिरणार, तोच ज्योत्स्नाचं लक्ष गेलं. ती वाक्य अर्धवट सोडून थांबली.

"सर, हे माझे वडील," ती परीक्षकांना म्हणाली. "हे सगळे फोटो त्यांनी काढलेत. यांच्याशिवाय हा अभ्यास झाला नसता."

साऱ्या हॉलने मान वळवली. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. सरिता मॅडम स्वतः उठल्या, "या ना काका," म्हणत त्यांना तिथे बसवलं. मांडीवर गाठोडं घेऊन पुंडलिकराव शेवटपर्यंत ताठ बसून राहिले. लेकीने कुठेही खाली पाहिलं नाही. उलट दर दोन वाक्यांनी ती त्यांच्याकडेच पाहत होती. एका परीक्षकाने गिरडच्या बाजाराबद्दल काही विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते बाबाच सांगतील," आणि पुंडलिकराव बसल्या जागेवरून, आपल्याच बोलीत, चांगली पाच-सहा वाक्यं बोलून गेले. कुणी हसलं नाही.

टाळ्या झाल्या, परीक्षकांनी ज्योत्स्नाचं अभिनंदन केलं, चहा आला. संगणक केंद्राचा गजेंद्र त्यांच्यापाशी आला.

"काका, हे एवढं काय उचलून आणलं?"

"तुमचा सारा माल. म्याच उतरवलता. घ्या बाप्पा, अन् माफ करा."

"अहो, तो तर सकाळीच परत आणला. आमच्याकडे सगळ्याची नक्कल असते. तुम्ही घरातून निघायच्या आधीच ज्योत्स्नानं घरी फोन करून सांगितलं ना!"

पुंडलिकरावांनी गाठोडं हळूच खाली ठेवलं. ज्योत्स्ना परीक्षकांना बिस्किटं देत होती आणि मुद्दाम इकडे पाहत नव्हती. ते व्हरांड्यात गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"कौशल्या, तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"पोरगी म्हणे, सांगू नको आई, येऊ दे त्याईले."

"अवं पन हे धूड मले वर्ध्यापावतर काऊन वाहू देलं?"

"अजी, नुसतं 'या' म्हटल्यानं तुमी गेले असते का?"

आत ज्योत्स्ना त्यांच्यासाठी चहाचा कप हातात घेऊन दाराकडे येत होती. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि घसा खाकरला.

"ठेव आता फोन," ते म्हणाले, "मी इथं पोरीच्या कार्यक्रमात हावो."