पायी जाताना गाडीची धडक

बोईसरच्या एका छोट्या हॉस्पिटलात स्वातीचं काम एकच. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं दुखणं कॉम्प्युटरला कळेल अशा कोडमध्ये भरायचं. पायी चालणाऱ्याला सायकल धडकली तर एक कोड, मोटार धडकली तर दुसरा, रेल्वे धडकली तर तिसरा. त्या दुपारी कागदावर लिहिलं होतं, ‘पायी जाताना गाडीची धडक. डावं मनगट मोडलं.’ स्वाती रोज पालघरहून येणारी. तिच्या लेखी गाडी म्हणजे रेल्वेगाडी, मिळते किंवा चुकते ती. तिनं बिनदिक्कत रेल्वेचा कोड दाबून टाकला.

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. पोलिसांचा जबाब जोडल्याशिवाय रुग्णाला घरी सोडता येणार नाही.

रुग्ण म्हणजे मुरब्याच्या रखमामावशी. त्या प्लॅस्टर सुकायच्या आधीच चपला घालून बसल्या होत्या.

“चार वाजता नातीचा साकरपुडा हाय, बाय. वटी मीच भरायची. मला अडकवू नको.”

दोन वाजत आले होते. तेवढ्यात मॅनेजर इंद्रजीत डोकावले.

“रेल्वेनं उडवलेली बाई नुसतं मनगट मोडून बसलीय? मोटारीचा कोड टाका.”

टाकला. आता कॉम्प्युटर मोटारीचा नंबर आणि ड्रायव्हर मागू लागला. इंद्रजीतसाहेब तापले. म्हाताऱ्या माणसाला ठोकून पळतात म्हणजे काय? त्यांनी स्वतः पोलिसांना फोन लावला आणि स्वातीला बजावलं, “वर्णन लिहून घ्या. त्याला सोडायचं नाही.”

“मावशी, गाडी कुठली होती?”

“हितलीच.”

“रंग?”

“वर पांढरा. चार चाकं. एक कुरकुरत व्हतं.”

“आणि ड्रायव्हर?”

“मागं व्हता.”

“मागच्या सीटवर?”

“नाय गो. ढकलत व्हता.”

“म्हणजे बंद पडलेली. नंबर दिसला का?”

“लाल रंगानं लिवलाय ना. तीन.”

“पुढे?”

“फुडं काय नाय, नुसता तीन. मी हितं भाचीला बघायला आलेली, वळणावर गाडी बसली मला. मंग त्यानं तिच्यावरच निजवून डाक्टरकडं नेलं.”

स्वातीचं पेन थांबलं. दाराशी स्ट्रेचर घेऊन उभा असलेला वॉर्डबॉय आनंदा हळूच मागे सरकला. चाक कुरकुरलं. बाजूला लाल रंगात ‘३’ होता.

बाहेर पोलिसांची जीप थांबली. इंद्रजीतसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. “हवालदारसाहेबांना आधी चहा द्या. स्वाती, दुसरा कुठला कोड नाही?”

होता. ‘चालताना वस्तूवर आपटणे.’ वाहन नाही, म्हणून जबाबही नाही. लाल अक्षरं गेली. स्वातीला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. मावशींना तिनं पहिल्यांदाच विचारलं असतं तर तासभर वाचला असता.

“मावशी, निघा तुम्ही,” इंद्रजीतसाहेब हात जोडून म्हणाले. “वेळेत पोचाल. आपली गाडी देतो, थेट दारापर्यंत.”

रखमामावशींनी प्लॅस्टरचा हात छातीशी धरला.

“तुमची गाडी नको, बाबा. आमी रिक्षानं जातो.”