खारूताईच्या दाढेतला काळा ठिपका

दाताला कीड? आणि खारूताईच्या? अहो, शक्यच नाही! सकाळ-संध्याकाळ ब्रश, खाल्लं की चूळ, चॉकलेटचं नावसुद्धा काढायचं नाही. ज्या घरात साखरेचा दाणा ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत येत नाही, तिथे कीड शिरणार कुठून? खारूताईची आई हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. शेजारणीला, मावसबहिणीला, आणि कुणी भेटलं नाही तर आरशाला.

खारूताई सात वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून हे नाव. चौथ्या वर्षीच तिला मधुमेह झाला. तेव्हापासून दिवसातून कितीतरी वेळा बोट टोचून साखर बघायची, वर गेली तर इन्सुलिन, खाली आली तर फळांचा रस. टोचताना आईचा मंत्र ठरलेला, "मुंगी चावेल, बस्स. वर बघ!" खारूताई वर बघायची. घरातलं सगळं छत तिला तोंडपाठ होतं.

आई शिकलेली होती. न शिकलेल्या माणसाला भीती नुसती वाटते; शिकलेल्याला ती वाचून वाटते, आणि वाचायला तर अंत नाही! रोज सकाळी ब्रश झाला की टॉर्च घेऊन ती लेकीच्या तोंडात अशी वाकायची, की विहिरीत पडलेली कळशी शोधतेय असं वाटावं.

त्या दिवशी तिला कळशी सापडली.

"काळं आहे! आई, अहो आई, दाढेत काळं आहे!"

सासूबाई शांतपणे चष्मा पुसत आल्या. "मिऱ्याचा कण असेल."

"ब्रश केला, निघत नाही!"

"मग कीड असेल. दुधाचीच दाढ ना? पडायचीच आहे. पडक्या भिंतीला रंग कशाला?"

"असं नसतं, आई! कीड खोल गेली, पू झाला, की साखर चढते. साखर चढली की हिरड्या आणखी सुजतात. दोन साप एकमेकांची शेपटी गिळतात ना, तसं!"

"सकाळी सकाळी साप कशाला आणलेस घरात? चहा घे."

पण चहा कुणाच्या घशाखाली उतरतोय! कीड कुठून आली, हे आईला मनातून ठाऊक होतं. साखर उतरली की लेकीला रस कोण पाजायचं? तीच. ब्रश झाल्यावर, गाढ झोपेतून उठवूनही पाजावाच लागायचा, त्याला इलाज नव्हता. पण पाजल्यावर लेक तशीच कुशीत झोपायची आणि रस दातांवर बसून राहायचा. कीड चोरून शिरली नव्हती. आईनंच तिला दार उघडून दिलं होतं. (उरलेला अर्धा रस टाकवत नाही म्हणून आई तो उभ्या उभ्या संपवायची, ते निराळं.)

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "नाश्ता आणि इन्सुलिन नेहमीसारखं होऊ द्या. आल्यावर साखर बघू. फार वर असेल तर आज हात लावणार नाही."

आईनं बॅग भरली. बॅग कसली, फिरता दवाखानाच! साखर मोजायची दोन यंत्रं, पट्ट्या, इन्सुलिनचं पेन, बिस्किटं, ग्लुकोजच्या भुकटीची मोठी पुडी आणि वर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा नॅपकिन. परक्या टॉवेलला हात पुसायचा नाही, हा घरचा कायदा. टॅक्सीत सासूबाईंनी पाठीशी उशी म्हणून हीच बॅग घेतली. वाटेत 'फट्' असा आवाज झाला.

"काय वाजलं?" आई दचकली.

"माझा गुडघा," सासूबाई म्हणाल्या.

दवाखान्यात पोचताच आईनं खारूताईचे हात साबणानं खसखसून धुतले, इस्त्रीच्या नॅपकिननं कोरडे केले, मुंगी चावली, वर बघून झालं. यंत्रानं आकडा दाखवला.

चारशे अडुसष्ट.

आईच्या पायाखालची फरशी सरकली. "कीड खोल गेली! विष अंगात पसरलं!"

"मला काही होत नाहीये," खारूताई म्हणाली.

"तहान लागलीय?"

"नाही."

"शू?"

"नाही गं!"

"लपवू नकोस!"

पुन्हा हात धुतले, नॅपकिननं आणखी घासून पुसले, दुसरं बोट. चारशे नव्वद! दुसरं यंत्र काढलं. पाचशे दहा!

"यंत्रं बिघडली असतील," सासूबाई म्हणाल्या. "माझी बघ. मला कसला आजार नाही."

नवी सुई, धुतलेले हात, तोच नॅपकिन. तीनशे नव्वद. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "तरीच! तरीच गेल्या वर्षापासून माझं कशात मन लागत नाही."

आईनं स्वतःची बघितली. चारशे पंचवीस. तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, आपल्या सगळ्यांना झालाय!"

"काय झालाय?"

"मधुमेह! आईंनाही!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नवरा म्हणाला, "मीटिंगमधून निघतो. तोवर मी काही खाऊ नको ना?"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अहो ताई, एका सकाळीत घरभर मधुमेह होत नसतो. तो काय गोवर आहे? घ्या, माझं बोट घ्या. माझी पंच्याण्णव येते की नाही बघा." त्यांनी हात धुतले आणि त्या हात पुसायच्या कागदाकडे वळल्या, तोच आईनं अगत्यानं नॅपकिन पुढे केला. "स्वच्छ आहे हो, इस्त्रीचा."

चारशे चाळीस.

डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, स्वतःचं बोट बघितलं आणि चालत जाऊन त्या पेशंटच्या खुर्चीत आडव्या झाल्या. "माझ्या वडिलांना होता," त्या छताकडे बघत म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. खारूताईनं आपली खुर्ची गेली म्हणून तक्रार केली.

आईनं साखरेच्या डॉक्टरांना फोन लावला. पहिला प्रश्न आला, "हात धुवून तपासलंत ना?"

तिला असा राग आला! "डॉक्टर, आम्ही शिकलेली माणसं आहोत. दोनदा धुतले! साबणानं!"

"धुतलेत ना? मग... एक मिनिट, थांबा हं, काही देऊ नका..." आणि फोन कटला.

पुन्हा लावला, लागेना. एक मिनिट गेलं. दोन गेली. आईच्या डोळ्यांसमोर वाचलेली सगळी पानं एकदम उघडली. लेक बेशुद्ध, लेक अतिदक्षता विभागात, आणि कुणीतरी विचारतंय, तुम्ही वाट कसली बघत बसलात? तिनं इन्सुलिनचं पेन काढलं, मात्रेचा आकडा फिरवला. एवढी चढलेली साखर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधी उतरवायची नाही, हे तिला पाठ होतं. पण पाठ केलेलं आणि पाचशे दहा, यांच्यात पाचशे दहा जिंकत होतं.

"मुंगी चावेल, बस्स," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "वर बघ."

खारूताईनं वर बघितलं नाही. तिनं खाली बघितलं.

"आई, मुंग्या!"

"हो, चावेल, बस्स—"

"अगं खऱ्या मुंग्या! त्या बघ!"

आणि त्याच क्षणी आईच्या मनगटाला कडकडून चावा बसला. "आई गं!" पेन हातातून उडालं आणि खुर्चीखाली गेलं. दवाखान्याच्या दारापासून एक काळी रांग शिस्तीत निघाली होती, भिंतीच्या कडेनं वळली होती आणि आईच्या बॅगेत शिरत होती. बॅगेत फुटलेली ग्लुकोजची पुडी पसरली होती. यंत्रांवर, बिस्किटांवर आणि त्या पांढऱ्याशुभ्र नॅपकिनच्या प्रत्येक घडीत.

खारूताईनं बोट चाटून पाहिलं. "गोड आहे."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून बसल्या आणि त्यांनीही बोट चाटलं. "गोड आहे!" त्या इतक्या आनंदानं ओरडल्या, की जणू पुनर्जन्मच झाला.

सगळ्यांची नजर सासूबाईंकडे वळली. "गुडघा नव्हता तर तो," सासूबाई पुटपुटल्या.

या वेळी आईनं लेकीचे हात नळाखाली धरले आणि नुसत्या वाऱ्यावर वाळू दिले. मग नवी सुई, डबीतली नवी पट्टी. एकशे बेचाळीस.

सगळे हसले. आई हसली नाही. ती खुर्चीखालून पेन शोधायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. चांगल्या लेकीला टोचून तिची साखर पार तळाला नेणारं औषध त्यात होतं, आणि मध्ये आली होती एक मुंगी. वर आली तेव्हा डोळे लाल होते. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. "चल गं. काही झालं नाही ना? मग झालं तर."

ठिपका कीडच निघाला. पण वरवरची. डॉक्टरीणबाईंनी ती कोरली, भरली, खारूताईनं छत न्याहाळलं, संपलंसुद्धा.

"रस द्यावा लागला तर बेधडक द्या," त्या म्हणाल्या. "जीव आधी, दात मग. फक्त साखर वर येऊन लेक सावध झाली, की पाण्याची चूळ भरायला लावा. एवढंच. स्वतःला दोष देऊ नका."

आईच्या छातीवरचा धोंडा खाली आला. "नाही हो, मी फार जपते. रससुद्धा अर्धाच देते. उरलेला वाया जाऊ नये म्हणून मीच पिते."

"आणि चूळ भरता?"

"मी? मला कुठे मधुमेह आहे!"

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर थाप मारली. "बसा. आ करा."

खारूताईची एकच दाढ किडली होती. आईच्या पाच निघाल्या. त्यातली एक आजच काढावी लागणार होती. हिरडी बधिर करायची सुई दिसताच आईनं खुर्चीचे हात असे धरले, की दोन माणसं लावूनही सुटले नसते.

खारूताई जवळ आली. तिनं आईच्या मुठीवर आपला धुतलेला, न पुसलेला हात ठेवला.

"मुंगी चावेल, बस्स," ती म्हणाली. "वर बघ!"

सुई अजून ट्रेमध्येच होती. आई तेव्हाच किंचाळली.