येताना भांडे आणावे

खुर्शीदबीनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. आत डाळ असायला हवी होती, पण तिथं पळसाची फुलं उकळत होती. पाणी गर्द केशरी झालं होतं आणि वर हलका फेस धरला होता. शेजारी तिचा नवरा इनायतुल्ला उकिडवा बसला होता. हातातली पळी हलवायची विसरून तो त्या पाण्याकडे इतका टक लावून बघत होता, की बायको आल्याचंही त्याला कळलं नाही.

"डाळ कुठी गेली?"

"परातीत काढून ठेवली. कच्चीच हाये," तो म्हणाला. "हे पाय खुर्शीद, सूर्य बुडताना असाच रंग असते का नाई?"

"सूर्य बुडाले टाइम हाये. दुपारच्या जेवणाचं सांगा."

इनायतुल्ला मोर्शीचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या कमानी, मशिदीची हिरवी दारं, लग्नघरच्या भिंतींवरचे मोर, सगळं त्याच्या हातचं. पण ती वर्षंच दुष्काळाची होती. संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, कापसाचं कोणी नाव काढत नव्हतं, मग घर रंगवायचं कोण काढणार? त्याच्या वाट्याला बियाण्यांच्या जाहिराती तेवढ्या उरल्या होत्या. रस्त्याकडेच्या भिंतींवर तो टपोरी कापसाची बोंडं काढायचा. मागच्या वावरात खरी बोंडं तशी कधीच दिसायची नाहीत. त्यातच तेलरंगाच्या वासानं त्याच्या छातीत खोकला बसला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वास आता बंद.

अकोल्याला मुलगा साजिद होता. जठारपेठेत त्याचं चपलांचं दुकान होतं. "अब्बू, गल्ल्यावर बसा, आरामात रहा," असं तो दर आठवड्याला फोनवर सांगायचा. खुर्शीदबीला ते पटत होतं. इनायतुल्ला एकदा त्या दुकानात दिवसभर बसून आला होता. भिंतभर काळं आणि तपकिरी, याशिवाय तिथं काही नव्हतं. त्या रात्री त्याला स्वप्नंसुद्धा तपकिरी पडली.

म्हणून त्यानं कार्यशाळा काढली. फुलांचे, पानांचे, मातीचे रंग कसे करायचे ते मोहल्ल्यातल्या बायांना शिकवायचं. त्यांत छातीत बसणारा वास नव्हता. दारांच्या चौकटी रंगवा, कुंड्या रंगवा, होळीला खेळा, नंतर हात धुतले की झालं. समाजमंदिराचा हॉल रविवारी सकाळी रिकामा होता. खुर्शीदबीनं एकच अट घातली.

"माणसं आली तर इथंच राहू. नाई आली, तर मंगळवारी साजिद गाडी घेऊन येईन, अन् तुमी मुकाट्यानं बसान."

"येतीन ना," इनायतुल्ला पातेल्यात बघत म्हणाला. "रंगाले कोन नाई म्हनते?"

मदतीला शेजारची पार्बताबाई होती. ती बाजारात भाजी आणि फुलं विकायची. तिनं बीट, पालक, ओली हळद असं बरंच काही आणून टाकलं. रिद्धपूरच्या रस्त्याला पळस पेटल्यासारखा फुलला होता. तिथून तिनं पोतंभर फुलंही आणवली. संत्र्याचा आंबिया बहर जिथं थोडाफार टिकला होता तिथून वाऱ्याबरोबर गोड वास यायचा, आणि अंगणात सुकत टाकलेल्या त्या केशरी पाकळ्यांमध्ये बसून इनायतुल्ला कार्यशाळेचा कापडी फलक रंगवायचा. पार्बताबाई टोपली घेऊन दोनदा येऊन गेली तरी तो एकाच अक्षरावर असायचा.

फलकासाठी त्यानं एक नियम केला होता. रंगाबद्दल जे सांगायचं, ते रंगानंच लिहायचं. म्हणून 'नैसर्गिक रंगांची कार्यशाळा' ही वरची ओळ त्यानं हळदीनं आणि पळसानं लिहिली. खाली 'स्वतः बनवलेला रंग घरी नेण्यासाठी येताना भांडे आणावे' असं होतं. त्यातले 'स्वतः बनवलेला रंग' हे शब्द बिटाच्या गुलाबीनं काढले. बाकीचा मजकूर, म्हणजे 'मोफत', 'रविवारी सकाळी', 'समाजमंदिर' वगैरे, त्याला रुक्ष वाटला. तो त्यानं काजळीत डिंक घालून काळ्यानं उरकला.

फलक चौकात लागला त्या दिवशी खरंच सुंदर दिसत होता. इनायतुल्ला समोरच्या टपरीवर चहा पीत तो बघत बसला. मग घरी जाऊन पळस निवडायला लागला आणि पुन्हा चौकाकडे फिरकला नाही.

फलक लागला होता तो पश्चिमेकडे तोंड करून. फाल्गुनातलं वऱ्हाडचं ऊन दुपारी त्याच्यावर पडायचं ते थेट संध्याकाळपर्यंत. हळद आधी गेली. तिच्यामागून बीट गेलं. पळसानं थोडा दम धरला आणि मग तोही कापडात विरून गेला. काजळीला मात्र ऊन काही करू शकलं नाही. शुक्रवारी मोर्शीच्या चौकात पांढऱ्या कापडावर ठळक काळ्या अक्षरांत एवढंच लिहिलेलं होतं: 'घरी नेण्यासाठी येताना भांडे आणावे. मोफत. रविवारी सकाळी. समाजमंदिर.'

त्या वर्षांत वऱ्हाडात मदतीच्या शिबिरांना तोटा नव्हता. कोणी बियाणं वाटायचं, कोणी फवारे, कोणी धीर. भांडं आणायला मात्र आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे यंदा काहीतरी पातळ आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. खालच्या आळीत तेल आहे असं ठरलं, वरच्या आळीत दूध.

शनिवारी बाजारात माणिकबाई नावाची ओळखीची बाई पार्बताबाईजवळ टेकली.

"का वं, उद्या समाजमंदिरात तूच हायेस म्हंते?"

"हाओ. मी अन् इनायतभाई."

"बाहेरगावच्याले देतीन का?"

"कोनालेबी देऊ. लोकं आले पायजेत, बस."

"किती भेटन?"

पार्बताबाईच्या डोळ्यांसमोर रंगांची पातेली होती. "भांडं भरून नेजो," ती म्हणाली.

माणिकबाई तिथून उठली ती सरळ बहिणीच्या गावाला निरोप धाडायला गेली.

रविवारी सकाळी इनायतुल्ला धुवट कुर्ता घालून समाजमंदिराकडे निघाला. मागून खुर्शीदबी आणि पार्बताबाई पातेली, पळसाचं पोतं आणि बीट-हळदीची टोपली घेऊन येत होत्या. वळणावर येताच तो थांबला. समाजमंदिराचं अंगण माणसांनी भरलं होतं. बाया होत्या, म्हातारे होते, मोटरसायकलींवरून आलेले बाप्ये होते. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं: बादली, कळशी, डबा, घागर. नत्थुजी नावाच्या गवळ्यानं तर दुधाची रिकामी कॅन सायकलला लावून आणली होती. रिद्धपूरहून दर्शन करून परतणारी एक जीप गर्दी पाहून थांबली होती, आणि तिच्यातली मंडळी आपापले डबे धुवून रांगेत उभी होती.

इनायतुल्लाचे डोळे भरून आले. "पाय खुर्शीद," तो म्हणाला, "रंगासाठी आले सारे."

खुर्शीदबी नत्थुजीच्या सायकलीकडे बघत होती. तिला ती दुधाची कॅन खटकत होती.

इनायतुल्लानं भाषण केलं. ते त्यानं रात्र रात्र मनात घोळवलं होतं. पळस उन्हाळ्याची वाट का बघतो, पालकाच्या पानात ऊन कसं हिरवं होऊन झोपतं, हळदीला चुना लागला की ती लाजल्यासारखी लाल का होते, हे सगळं त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्याचे डोळे मिटले. लोक शांतपणे ऐकत होते. कोणत्याही शिबिरात वाटपाआधी भाषण असतंच आणि ते ऐकल्याशिवाय काही मिळत नाही, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शेवटी टाळ्याही पडल्या. पहिली टाळी नत्थुजीची होती.

"लय चांगलं बोलले भाऊ," तो कॅन पुढं करत म्हणाला. "आता वाटा."

"काय वाटू?"

"जे असन ते. तेल का दूध?"

"तेल नाई, नत्थुजी. रंग. फुलांचा रंग."

"मंग फलकावर रंगाचं काहून नाई लिवलं?"

"सगळा फलक रंगाचाच तर होता," इनायतुल्ला म्हणाला.

कोणीतरी चौकात जाऊन फलकच सोडून आणला. दोघांनी तो ताणून धरला. इनायतुल्लानं तो एकदा वाचला, मग जवळ जाऊन कोऱ्या जागेवरून बोटं फिरवली. हळदीच्या जागी हळदीचा मागमूस नव्हता. अंगणात कुजबुज वाढली. "एवढ्या लांबून आलो," असं मागून कोणी म्हणालं. आणखी कोणी पार्बताबाईचं नाव घेतलं आणि माणिकबाईनं पदर खोचला. एवढ्यात जीपमधल्या एका आजोबांनी रांगेत उभ्या उभ्या एका पातेल्यातलं पिवळं पळीभर आपल्या डब्यात घेतलं आणि बोट बुडवून चाखलं. त्यात रंग धरायला ज्वारीच्या पिठाची खळ घातलेली होती.

"कढी बरी हाये," ते म्हणाले. "मीठ राहिलं."

कोणाला हसू येईना. इनायतुल्ला पायरीवर खाली बसला. त्याला डोळ्यांसमोर चपलांची भिंत दिसायला लागली.

खुर्शीदबी मात्र लोकांच्या हातांकडे बघत होती. इतकी रिकामी भांडी एका जागी तिनं कधी पाहिली नव्हती. आपल्या दारी आलेलं भांडं रिकामं परत गेलेलं तिला जन्मात चाललं नव्हतं. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी ती वाटी शीग लावून द्यायची. तिनं कंबर कसली.

"भांडं आनलं ते भरूनच जाईन," ती मोठ्यानं म्हणाली. "पन आयतं नाई. पार्बताबाई, पोतं उलटं करा. नत्थुजी, त्या कॅनमधी पानी आना. माणिकबाई, तुमी तीन दगडं मांडा. बाकीच्यायनं काड्या गोळा करा. ज्याचं भांडं, त्याची चूल."

तिच्या आवाजाला नाही म्हणायची तिथं कोणाची पद्धत नव्हती. लोक आलेच होते, भांडी होतीच, आणि घरी जाऊन तरी काय करायचं होतं? बघता बघता अंगणभर चुली पेटल्या. खुर्शीदबी एकीकडून दुसरीकडे फिरत होती. "ढवळा, ढवळा, खालून लागून राहिलं," असं ती बायांना सांगायची आणि बायांना ते बरोबर कळायचं. इनायतुल्लाच्या भाषणातलं झोपलेलं ऊन कोणाला कळलं नव्हतं, पण खालून लागणं सगळ्यांना माहीत होतं.

दुपार कलली तेव्हा अंगणावर वाफेचा एक पातळ पडदा धरला होता. त्यातून माणसं विरघळल्यासारखी दिसत होती. कोणाच्या घागरीत केशरी होतं, कोणाच्या बादलीत गुलाबी. आजोबांच्या डब्यात हळदीला चुना लागून लालभडक झालं होतं आणि ते झाकण न लावता डबा मांडीवर घेऊन बसले होते. भांडणाचा पदर माणिकबाईनं केव्हाच सोडला होता. त्याच पदराला हात पुसून तिनं तो कोपऱ्यापर्यंत रंगवला होता. त्या वर्षी मोर्शीत इतकी माणसं एका जागी जमली आणि कोणी हवापाण्याचं, भावाचं बोललं नाही, असं फार कमी वेळा झालं होतं.

संध्याकाळी सगळी भांडी भरून गेली.

सोमवारी गावातल्या चौकटी पिवळ्या झाल्या, ओटे गेरूनं लाल झाले, आणि नत्थुजीची म्हैस शिंगांपासून कानांपर्यंत गुलाबी होऊन चौकातून गेली. हे रंग उन्हानं उडणार हे आता सगळ्यांना कळलं होतं. उडाले की पुन्हा करू, असं बाया म्हणत होत्या. त्यामुळे सकाळपासून खुर्शीदबीच्या दाराशी रीघ लागली. भाभी, पालकात डिंक किती घालू? भाभी, बीट पांढरं काहून पडलं? इनायतुल्ला दारात उभा राहून उत्तर द्यायला तोंड उघडायचा, तोवर बाया त्याला ओलांडून आत गेलेल्या असायच्या.

मंगळवारी साजिद गाडी घेऊन आला. आईनंच मागच्या आठवड्यात बोलावलं होतं, आणि नको म्हणून सांगायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. इनायतुल्लानं स्वतःची पेटी भरून ठेवली होती. कार्यशाळेला आलेलं एकही माणूस रंगासाठी आलं नव्हतं, हे तो स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करून बसला होता. अट ती अट.

साजिदनं पेटी उचलली. "अम्मी, तुझं सामान?"

खुर्शीदबीच्या पुढ्यात पळसाचा ढीग होता आणि हात कोपरापर्यंत केशरी होते. तिनं वर पाहिलं नाही.

"मले कुठी सवड हाये? होळी तोंडावर आली. वरुडच्या बायायचा निरोप हाये, तिकडं शिकवाले बोलावून राहिल्या."

"मंग फक्त अब्बूलेच नेऊ?"

खुर्शीदबीचे हात थांबले. तिनं दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो धुवट कुर्ता घालून, जायला तयार होऊन, अंगणातल्या फुलांकडे बघत होता. तिनं थोडा विचार केला.

"असू दे त्याहिले इथंच," ती म्हणाली. "भाषण द्याचं नाई म्हनाव. देठं खुडाले मले एक मानूस पायजेच हाये."

साजिदनं पेटी खाली ठेवली. इनायतुल्लानं बाह्या वर केल्या आणि तो बायकोच्या शेजारी, ती दाखवेल तिथं, निमूट बसला.