खिशातला फ्यूज

दौलतराव शेलारांची पंधरा वर्षांची गाडी आज विकली जाणार होती, आणि तिच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज सकाळपासून दौलतरावांच्या शर्टाच्या खिशात होता.

कोपरच्या त्यांच्या सोसायटीत घरटी एकच पार्किंग. मुलाने, ऋतुराजने, नवी गाडी बुक केली होती, तेव्हा जुनी जाणं भाग होतं. "नको विकूस" असं मुलाला तोंडावर सांगणं दौलतरावांच्याने होईना. बायकोचाही आधार नव्हता. "जाऊ दे एकदाचं ते भंगार," असं मालनताई महिनाभर म्हणत होत्या. गिऱ्हाइकाला शनिवारी बोलवायचं त्यांनीच ठरवलं होतं आणि आज चावीही त्यांनीच आणून नवऱ्याच्या हातात दिली.

गाडी घ्यायला ठाण्याच्या कोपरीहून रवींद्र आणि त्याची बायको शालन आले. दौलतरावांनी चावी फिरवली. खर्रर्र... खर्रर्र... इंजिन फिरत राहिलं, गाडी चालू होईना.

"अरेच्चा!" दौलतराव म्हणाले. अभिनय बरा जमला असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

"बाबा, काल तर मस्त चाललेली!" ऋतुराज चरफडला.

"प्लग गेले असणार," रवींद्र म्हणाला.

"टाकीत पाणी गेलंय," वॉचमन म्हणाला.

"नजर लागलीय, लिंबू बदला," तळमजल्यावरच्या केशरबाई खिडकीतून म्हणाल्या.

"आधी फ्यूज बघूया," रवींद्र बॉनेटकडे वळला.

दौलतरावांचा हात झटकन खिशावर गेला. "बघितला मी!"

"काका, छातीत दुखतंय का?" शालनने घाबरून विचारलं.

"थोडंसं," दौलतराव म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रवींद्र मात्र चिवट निघाला. "जाऊ दे काका, गाडी आवडलीय आपल्याला. टेम्पो बोलावून टोचन करून नेतो. आमच्या गल्लीत मेकॅनिक आहे." असं म्हणून त्याने वॉचमनकडून दोर आणलासुद्धा. दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बंद गाडीही ओढून नेता येते, हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

तेवढ्यात मालनताई चहा घेऊन आल्या. "शालन, आज शनिवार ना गं? शनिवारी लोखंड घरी नेताय होय? नाही, तुमचं तुम्ही बघा, मी आपलं सांगितलं."

शालनने नवऱ्याच्या हातातला दोर काढून घेतला. "मला नको ही. आधीच बंद, त्यात शनिवार. चला!" चहासुद्धा न पिता दोघं रिक्षात बसली. ऋतुराज कपाळाला हात लावून वर गेला.

सगळीकडे सामसूम झाल्यावर दौलतरावांनी फ्यूज बसवला. "वाचलीस बाई," म्हणत चावी फिरवली. खर्रर्र... पुन्हा फिरवली. खर्रर्र... आता आलेला घाम खरा होता. आपण खोटं बोललो आणि ही खरंच गेली!

मालनताई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या आणि त्यांनी भाजीच्या पिशवीतून एक चावी काढली. "ही लावा. ती स्टेशनबाहेर बनवलेली डुप्लिकेट आहे. गाडी ओळखते ती चिप तिच्यात नाही, नुसतं इंजिन फिरवते. खऱ्या चावीचा जोतिबाचा बिल्ला तेवढा मी तिला अडकवला."

"तू? अगं, भंगार कोण म्हणत होतं?"

"पोराच्या हौसेवर पाणी कसं ओतायचं? पण परवा नवी गाडी बघायला गेलो, तेव्हा पुढे शिवानी बसली. बसू दे, बायको आहे त्याची. पण अहो, पंधरा वर्षं मी पुढे बसलेय."

दौलतरावांनी खरी चावी लावली. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली.

"बाबा! झाली चालू?" वरून ऋतुराज ओरडला. "थांबा, आलो! रवींद्रला फोन लावतो!" जिन्यात चपला वाजू लागल्या.

मालनताईंनी इंजिन बंद केलं, चावी बदलली आणि म्हणाल्या, "फ्यूज घाला खिशात."

"तुला फ्यूजचं कसं...?"

"सकाळी देवापुढे ठेवून नमस्कार केलात. मी मागेच उभी होते."

ऋतुराज धापा टाकत आला. बापाला उठवून त्याने चावी फिरवली. खर्रर्र... खर्रर्र...

"मघाशी आवाज आलेला ना?"

"शेजारच्या बिल्डिंगमधला असेल," मालनताई म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर आणखी ऐसपैस बसल्या.